वाचकांचे प्रश्न : अर्ज दिला, पण कार्ड हातात आले का?

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आरोग्यविम्याची नोंदणी करून देताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांतील अडचण अनेकांची आहे अशी आठ पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. नियम देशागणिक आणि योजनेगणिक बदलत असल्यामुळे कोणत्याही एका योजनेची नियमावली येथे मांडलेली नाही. जे बहुतेक ठिकाणी लागू पडते, आणि जिथे प्रत्यक्ष अनुभव किंवा अभ्यास हाताशी आहे, त्यावरच भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या महिला गटाने दोन महिने घरोघरी जाऊन सवलतीच्या आरोग्यविम्याची माहितीपत्रके वाटली. चार सभा घेतल्या आणि हप्त्यात किती सूट मिळते तेही समजावून सांगितले. लोक ऐकतात, मान डोलावतात, पत्रक घडी घालून ठेवतात, आणि नोंदणी मात्र बोटांवर मोजण्याइतकीच होते. लोकांना स्वतःचे भले कळत नाही असे समजायचे का?

उत्तर : असे मुळीच समजू नका. तुमच्यासारखाच अनुभव फिलिपिन्समध्ये अभ्यासकांनी मोजून पाहिला आहे, आणि त्यातून निघालेले उत्तर तुमच्या गटाच्या कामाची दिशा बदलू शकेल. तिथे २०११ साली सामाजिक आरोग्यविम्यात नाव नसलेल्या १,०३७ कुटुंबांना माहितीचा संच आणि हप्त्यात ५० टक्के सूट देण्यात आली. इतके करूनही, ज्यांना यातले काहीच दिले नव्हते त्या कुटुंबांच्या तुलनेत नोंदणी वाढली ती शंभरामागे जेमतेम तीन कुटुंबांनी. पुढच्या वर्षी, अजूनही नाव न नोंदवलेल्या कुटुंबांपैकी निम्म्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट केली गेली. पाहणीसाठी घरी आलेल्या व्यक्तीने तिथेच बसून अर्ज भरून देण्याची, तो प्रांताच्या मुख्य गावातील कचेरीत स्वतः पोहोचवण्याची आणि सभासदत्वाचे कार्ड टपालाने घरी पाठवण्याची तयारी दाखवली. एवढ्याने शंभरामागे २९ कुटुंबे अधिक नोंदली गेली. ही कुटुंबे तीच होती, सूट तीच होती आणि माहितीही तीच होती, फक्त मधली वाट कोणीतरी त्यांच्यासाठी चालून दिली. शहरांत या मदतीचा परिणाम तुलनेने कमी दिसला, कारण तिथे कचेरी जवळ असते आणि स्वतःचा अर्ज स्वतः भरू शकणारी माणसेही अधिक असतात, असे अभ्यासकांना वाटते.

रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी विम्याची खरी किंमत हप्त्याच्या आकड्यात मावत नाही. त्यात बुडालेली मजुरी येते, येण्याजाण्याचे भाडे येते, छायाप्रती आणि फोटो येतात, ‘उद्या या’ म्हणून परत पाठवले गेले तर दुसऱ्या दिवसाची मजुरीही येते. आणि या सगळ्याहून जड असते ती खिडकीपलीकडच्या माणसासमोर आपण अडाणी ठरू ही भीती. पत्रक यातला कुठलाच भार उचलत नाही. ते फक्त एवढेच सांगते की भार उचलला तर पलीकडे काहीतरी चांगले आहे.

म्हणून माझे सुचवणे असे की, पुढचे दोन महिने तुम्ही सभा कमी करा आणि गटातील प्रत्येकीने आठवड्याला दोनच कुटुंबे हाती घ्या, पण ती शेवटापर्यंत न्या. पहिल्या भेटीत फक्त कागदपत्रे पाहायची आणि काय कमी आहे ते लिहून काढायचे. दुसऱ्या भेटीत अर्ज त्यांच्याच घरी, त्यांच्या सवडीने, म्हणजे बहुधा संध्याकाळी भरायचा. अर्ज जमा करायला सोबत जायचे, आणि चार-पाच कुटुंबांचा दिवस एकत्र ठरवता आला तर प्रवासही सोपा होतो. पोचपावती मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही. त्यानंतरही काम संपत नाही. कार्ड हातात पडून, त्यावरची नावे तपासून, ते कोणत्या रुग्णालयात चालते हे त्या घरातील निदान दोघांना माहीत होईपर्यंत तुमच्या वहीत त्या कुटुंबापुढे ‘पूर्ण’ असे लिहू नका.

सोबत कोण करते यानेही फरक पडतो. अमेरिकेतील बॉस्टन शहरात लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विमा नसलेल्या मुलांविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच समाजात वावरणाऱ्या आणि त्या कुटुंबांची भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित मदतनीस स्त्रिया ज्या घरांना दिल्या गेल्या, तेथील ९६ टक्के मुलांना विमा मिळाला. नेहमीच्या सरकारी प्रसारावर सोडलेल्या घरांत हे प्रमाण ५७ टक्के राहिले. मदत मिळालेल्या मुलांना विमा मिळायला सरासरी ८८ दिवस लागले, तर इतरांना १३५. म्हणजे सोबत असूनही जवळजवळ तीन महिने गेले, हे तुमच्या गटाने मनाशी धरून ठेवावे. पहिल्या पंधरा दिवसांत काही झाले नाही म्हणून हात सोडू नयेत.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजींचे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे आहे. जन्मतारीख तर तीन ठिकाणी तीन प्रकारची आहे. सुनेच्या कागदांवर माहेरचे नाव आहे. अर्ज संगणकावर भरताना ‘माहिती जुळत नाही’ असे येऊन सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडकतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमची अडचण क्षुल्लक वाटत असली तरी जगभर गरीब कुटुंबांची नोंदणी याच दगडाला ठेच लागून थांबते. इंडोनेशियाने २०१४ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविमा सुरू केला. पुढच्याच वर्षी मेदान आणि बांडुंग या दोन शहरांतील सुमारे सहा हजार कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला, ज्यात काही कुटुंबांना घरी येऊन संकेतस्थळावर नोंदणी करायला मदत देण्यात आली. प्रयत्न करणारी कुटुंबे भराभर वाढली, पण प्रत्यक्ष नोंदली गेलेली त्यामानाने फार थोडी होती. तिथे कुटुंबातील सर्वांची नावे एकत्र नोंदवावी लागतात, आणि सरकारदरबारी असलेली कुटुंबाची नोंद अनेक घरांच्या बाबतीत जुनी झालेली होती. कोणी वारले, कोणी लग्न होऊन गेले, कोणी जन्मले, आणि कागद मात्र जिथल्या तिथे राहिला.

अर्जाला हात लावण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर घरातील प्रत्येकाची ओळ आखा. प्रत्येक दाखल्यावर त्या व्यक्तीचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता नेमका कसा छापला आहे, अगदी अक्षर-मात्रेसह, ते उतरवून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण तासाभरात सगळा गुंता डोळ्यांसमोर येतो. मग योजना कोणता कागद मूळ मानते ते विचारा. बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय ओळखपत्र किंवा कुटुंबाची अधिकृत नोंद मूळ धरली जाते, आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे असतात. आधी मूळ कागद दुरुस्त करा, नंतर बाकीचे. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागेल.

आजींच्या जन्मतारखेबाबत मोह आवरा. सोयीची म्हणून चौथी तारीख लिहू नका, आणि छायाप्रतीवर पेनाने अंक सुधारणे तर कधीच नको, कारण त्यामुळे चूक असलेला कागद खोटा कागद होतो आणि पुढचे सगळेच संशयास्पद ठरते. ज्या तारखेला सर्वांत जुना सरकारी आधार आहे ती धरा आणि बाकीच्यांसाठी रीतसर दुरुस्तीचा अर्ज करा. सुनेसाठी विवाहाचा दाखला बहुधा पुरतो. ज्यांचे कागद जुळतात त्यांची नोंदणी आधी करून घेऊन आजींचे नाव मागाहून चढवता येते का, हेही कचेरीत विचारून ठेवा. काही योजनांत ते चालते, आणि मग एका कागदासाठी सगळे घर उघड्यावर राहत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बांधकामावर मजुरी करतो. कधी महिनाभर सलग काम असते, कधी तीन आठवडे रिकामे जातात. अर्जात ‘उत्पन्न’ या रकान्यात काय लिहावे, हे त्यालाही कळत नाही आणि मलाही.

उत्तर : त्या रकान्यात काही लिहिण्याआधी योजना कोणत्या काळाचे उत्पन्न विचारते आहे ते पाहा, कारण एकाच देशातल्या दोन योजनाही वेगवेगळा काळ धरतात. अमेरिकेत गरिबांसाठीची मेडिकेड ही योजना, जी १९६५ साली सुरू झाली, नव्या अर्जदाराचे चालू महिन्याचे उत्पन्न पाहते. तिथेच २०१० च्या आरोग्य कायद्याने सुरू झालेल्या विमा-बाजारात हप्त्यावर मिळणारी सवलत मात्र संपूर्ण वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर ठरते, आणि अंदाज चुकून जास्त सवलत घेतली गेली असेल तर वर्षअखेरीस करविवरणात तिचा हिशेब द्यावा लागतो. तुमच्या भावाचा एखादा रिकामा महिना पहिल्या पद्धतीत त्याला पात्र ठरवील. दुसऱ्या पद्धतीत वर्षाची बेरीज करावी लागेल.

आजपासून त्याला एक लहान डायरी द्या. काम मिळालेल्या दिवशी तारीख, ठिकाण आणि हातात पडलेली मजुरी, न मिळालेल्या दिवशी फक्त एक रेघ. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद, आणि शक्य असेल तर मुकादमाची सही, ही पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाजवळची सर्वांत प्रामाणिक साक्ष असते. जिथे स्वयंघोषणा स्वीकारली जाते तिथे तिच्या पाठीशी ही डायरी उभी करता येते. स्वतःचा छोटा धंदा असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : गल्ल्यात आलेली सगळी रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. माल, भाडे आणि हत्यारांचा खर्च वजा करून जे उरते ते बहुतेक योजना विचारात घेतात, पण कोणता खर्च वजा करू देतात हे नियमात पाहूनच लिहावे.

कमी उत्पन्न दाखवण्याच्या मोहाविषयी पुष्कळ बोलले जाते. मी मात्र उलटेच अधिक पाहिले आहे. अनोळखी माणसासमोर आपण किती थोडे कमावतो हे सांगायला माणसे लाजतात आणि आकडा वाढवून सांगतात, त्या वाढवलेल्या आकड्याने अपात्र ठरतात आणि गप्प घरी जातात. अर्ज भरताना भावाला चारचौघांत विचारू नका. एकांतात बसून डायरीवरून बेरीज करा, म्हणजे आकडा तोंडातून न येता कागदावरून येईल.

गरिबाने आपली गरिबी दर वर्षी नव्याने सिद्ध करत राहावे, ही रचनाच मला मान्य नाही. थायलंडने २००२ मध्ये, सरकारी नोकरांची योजना आणि संघटित कामगारांची सामाजिक सुरक्षा या दोहोंच्या बाहेर राहिलेल्या सर्व नागरिकांना करांच्या पैशातून एका योजनेत घेतले, आणि त्यांच्यापुरता उत्पन्नाचा रकानाच उरला नाही. सुरुवातीला प्रत्येक भेटीला ३० बाथ एवढेच शुल्क होते, म्हणून लोक तिला ‘तीस बाथ योजना’ म्हणू लागले. पण तुमच्या भावाला तोवर थांबता येणार नाही, म्हणून डायरी आजच सुरू करा. काम वाढले किंवा घरातील माणसांची संख्या बदलली, तर ते वेळेवर कळवायला विसरू नका.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी विम्याबद्दल सांगितले, तर त्या म्हणाल्या, “ताई, आजारी पडलेच नाही तर पैसे पाण्यात गेले ना!” यावर मला उत्तर सुचले नाही.

उत्तर : मावशींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भीती घालून उत्तर देऊ नये. ज्याच्याजवळ पैसे मोजके आहेत तो प्रत्येक खर्चाचा हिशेब मागणारच. त्यांना असे विचारून पाहा की गेल्या पाच-सहा वर्षांत घरात किंवा नात्यात कोणाला रुग्णालयात ठेवावे लागले तेव्हा पैसा कुठून आला, तो किती व्याजाने आला आणि फिटायला किती काळ लागला. या आठवणीतून निघालेले उत्तर त्यांचे स्वतःचे असेल, आणि ते तुमच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा त्यांना अधिक पटेल.

विमा काय करतो आणि काय करत नाही, हेही खरे सांगा. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००८ साली मेडिकेडच्या मर्यादित जागांसाठी चिठ्ठ्या काढाव्या लागल्या होत्या, त्यामुळे चिठ्ठी निघालेल्यांची आणि न निघालेल्यांची तुलना करण्याची दुर्मीळ संधी अभ्यासकांना मिळाली. सुमारे दोन वर्षांनंतर विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण घटले होते आणि वैद्यकीय कर्जाचा बोजा हलका झाला होता. रक्तदाब आणि रक्तातील साखर यांसारख्या मोजमापांत मात्र ठळक फरक आढळला नव्हता. तेव्हा ‘विमा घेतला की तब्येत सुधारेल’ असे वचन मावशींना देऊ नका. आजारपण घरात आले तर त्याच्या मागोमाग सावकार येणार नाही, आणि रात्री झोप लागेल, एवढे सांगितले तरी ते मोठे आहे.

आणि ताई, काही तुमच्याकडेही आहे. मालकाने कामगाराच्या आजारपणाचा वाटा उचलण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत १८८३ च्या कायद्याने कामगाराने दोन तृतीयांश आणि मालकाने एक तृतीयांश हप्ता भरावा असे ठरले होते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना बहुतेक ठिकाणी असा मालकच कागदोपत्री नसतो. तुम्ही हप्त्याचा काही भाग उचललात, आणि नोंदणीच्या दिवशी पगार न कापता सुट्टी दिलीत, तर मावशींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच दिलेले असेल. मात्र वर्षात नोंदणी केव्हा खुली असते हे पाहून ठेवा, कारण ज्या योजनांत ठरावीक मुदत असते तिथे आजार उघडकीस आल्यावर धावपळ करून काही उपयोग होत नाही.

प्रश्न : वडिलांना अचानक दाखल करावे लागले. कार्ड दाखवले तर खिडकीवर सांगण्यात आले की ते तीन महिन्यांपूर्वीच बंद झाले आहे. आम्हाला कोणी कळवले नाही. नंतर समजले की नूतनीकरणाचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते. आता काय करता येईल?

उत्तर : वडिलांची प्रकृती सुधारत असेल अशी आशा करतो. आधी तातडीचे. आजच, रुग्णालयातूनच, विमा कचेरीला लेखी कळवा की नूतनीकरणाची सूचना मिळाली नव्हती आणि सभासदत्व पूर्ववत करावे. त्या अर्जाची पोचपावती घ्या. बंद झाल्यापासून ठरावीक मुदतीत कागद दिले तर जुने सभासदत्व जिवंत करण्याची सोय अनेक योजनांत असते, आणि काही योजना अर्जापूर्वीच्या काळातील खर्चही मान्य करतात. म्हणून दाखल झाल्यापासूनचे प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी आणि तपासणीचा अहवाल जपून ठेवा. पूर्ववत होत नसेल तर त्याच दिवशी नवा अर्ज द्या, आणि रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर तिथल्या कार्यकर्त्यांना भेटा. अशा प्रसंगी कोणते दार ठोठवावे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

तुमच्यावर आलेला प्रसंग विरळा नाही, आणि त्यात तुमची चूक मानू नका. करोनाच्या साथीत अमेरिकेने मेडिकेडमधून लोकांची नावे कमी करणे थांबवले होते. ती सवलत मार्च २०२३ च्या अखेरीस संपली आणि फेरतपासणी सुरू झाली. त्यानंतर अडीच कोटी लोकांची नावे वगळली गेली, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक लोक उत्पन्न वाढले म्हणून वगळले गेले नव्हते. कागद परत आला नाही, पत्ता बदलला होता, माहिती अपुरी होती, अशा कामकाजाच्या कारणांनी ते बाहेर पडले. पात्र माणूस योजनेतून गळतो तो असा. घानाने २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्यविमा आणला, तेव्हा दरवर्षी नूतनीकरणासाठी रांगेत उभे राहावे लागे. २०१८ च्या डिसेंबरपासून साध्या मोबाइलवरून नूतनीकरणाची सोय झाली. बदल छोटा होता, पण रांगेतला दिवस त्याने वाचवला.

पुढच्या वेळेसाठी कार्डावरील मुदतीच्या साठ दिवस आधीची तारीख घरातील दोन ठिकाणी लिहून ठेवा, आणि घर किंवा मोबाइल क्रमांक बदलला की त्याच आठवड्यात विमा कचेरीला कळवा.

प्रश्न : मी अनेकांचे अर्ज ऑनलाइन भरून देतो. त्यांच्याकडे मोबाइल नसतो किंवा तो सारखा बंद असतो, म्हणून मी माझाच क्रमांक टाकतो आणि पासवर्डही मीच लक्षात ठेवतो. त्यात काही गैर आहे का?

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, तरीही हे थांबवा. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. सुरुवातीच्या काळात मी अकरा कुटुंबांच्या अर्जांवर माझा क्रमांक दिला होता. पुढे त्यांतील एका बाईंना रात्री रुग्णालयात नेले, तेव्हा ओळख पटवण्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आला आणि मी प्रवासात होतो. त्या बाईंना सकाळपर्यंत ताटकळावे लागले. त्या घरासमोर आजही मी मान वर करून उभा राहू शकत नाही.

क्रमांक त्या कुटुंबाचाच हवा. स्वतःचा नसेल तर एकाच घरात राहणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा चालेल. पासवर्ड एका कागदावर लिहून त्यांच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा, तुमच्या वहीत ठेवू नका. काम झाले की त्यांच्या दाखल्यांच्या प्रती तुमच्या मोबाइलमधून त्यांच्यादेखत पुसून टाका. सही किंवा अंगठा त्यांचाच असावा आणि तो घेण्याआधी अर्जात काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवावे. पैशांचे म्हणाल तर छायाप्रतींचा खर्चही घेऊ नये असे माझे मत आहे. अमेरिकेत अशा नोंदणीसाठी नेमलेल्या मदतनिसांना, ज्यांना तिथे ‘नॅव्हिगेटर’ म्हणतात, विमा कंपन्यांकडून मोबदला घेण्यास मनाई आहे. एका योजनेचे दलाल आणि अर्जदाराचे सोबती या दोन भूमिका एकाच माणसात नांदू शकत नाहीत.

प्रश्न : अर्ज ‘नामंजूर’ झाला. पुन्हा करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आधी नामंजुरीचे कारण लेखी मागा. ‘अपात्र’ आणि ‘अपूर्ण’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि खिडकीवर तोंडी सांगताना दोन्हींसाठी ‘झाले नाही’ एवढेच शब्द वापरले जातात. वर उल्लेख केलेल्या ओरेगॉनमध्ये चिठ्ठी निघूनही शेवटी विमा मिळाला तो सुमारे ३० टक्के लोकांनाच. चाळीस टक्के लोकांचा अर्जच परत आला नव्हता, आणि ज्यांनी पाठवला त्यांतील निम्मे नियमात बसले नाहीत. कारण ‘अपूर्ण’ असेल तर कमी पडलेला कागद जोडून त्याच क्रमांकाखाली पुन्हा द्या. कारण ‘अपात्र’ असेल आणि ते चुकीचे वाटत असेल, तर अपिलाची मुदत कोणत्या तारखेला संपते ते पत्रावर पाहा आणि मुदतीत अपील करा. परिस्थिती बदलली, म्हणजे काम सुटले, मूल झाले, कोणी वेगळे राहू लागले, की नव्याने अर्ज करण्याचा हक्क पुन्हा मिळतो.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. गुडघ्यांमुळे घरोघरी फिरणे होत नाही. तुमच्या उत्तरांत सगळा भर सोबत जाण्यावर असतो. घरी बसून मला या कामात काही करता येईल का?

उत्तर : काका, नक्कीच येईल. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या कर खात्याने, विमा नसल्यामुळे आदल्या वर्षी दंड भरावा लागलेल्या ४५ लाख कुटुंबांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ३९ लाख कुटुंबांना पत्रे पाठवली. दंड टाळण्यासाठी काय करता येईल आणि विमा कुठे मिळेल, एवढेच त्यांत होते. पत्र मिळालेल्यांमध्ये विमा घेणारे वाढले, आणि आधी विमा नसलेल्या ४५ ते ६४ या वयोगटात पुढच्या दोन वर्षांत पत्र गेलेल्या दर १,६४८ व्यक्तींमागे एक मृत्यू टळला असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पहिल्या प्रश्नातील पत्रकांनी जे झाले नाही ते या पत्रांनी का केले असावे, याचा मी विचार करतो तेव्हा मला वाटते की ती पत्रे नावाने आली होती, दंड भरून गेलेल्या माणसाला त्याच्याच परिस्थितीबद्दल सांगत होती, आणि घरी बसून उचलता येईल असे पाऊल दाखवत होती.

तुम्ही नूतनीकरणाची वही सांभाळा. फिरणाऱ्या स्वयंसेवकांकडून प्रत्येक कुटुंबाचे नाव, मोबाइल आणि कार्डाची मुदत एवढीच माहिती, कुटुंबाच्या संमतीने, घ्या आणि ती महिन्यांप्रमाणे लावा. ज्यांची मुदत दोन महिन्यांवर आली आहे त्यांना एक फोन करा. ज्यांना वाचता येते त्यांना चार ओळींचे, नावाने सुरू होणारे पत्र लिहा, त्यात कोणते कागद न्यायचे आणि कोणत्या वारी कचेरी उघडी असते ते स्पष्ट असू द्या. फोन उचलला गेला नाही तर तिसऱ्या दिवशी पुन्हा करा, आणि दोनदा उचलला नाही तर ते नाव फिरणाऱ्या स्वयंसेविकेला कळवा. ज्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई किंवा आजारी माणूस आहे, ती नावे वहीत सर्वांत वर ठेवा आणि पहिला फोन त्यांनाच करा.